मीटर केबलचा नट सारखा सुटतोय? आधी नट सोडून बाकीचं बघा

बार्शीकडच्या एका गाडीमालकांनी विचारलंय. वडिलांची २००१ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. स्पीडोमीटरचा काटा ३० ते ६० मध्ये नाचतो, मग एकदम शून्यावर पडतो. गाडी थांबवून बघावं तर मीटरखालचा नट सुटलेला आणि केबल हँडलखाली लोंबतेय. सहा महिन्यांत दोन केबली बदलून झाल्या. मेस्त्री दर वेळी पकडीने नट आवळून देतो, आठ-दहा दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. आरसीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आलीय, तेव्हा आता अख्खं मीटरच बदलावं का, असा प्रश्न आहे.

मीटर बदलू नका. निदान एवढ्यात तरी नको. साताऱ्याजवळ मी सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि स्प्लेंडर, सीडी १०० या गाड्या तर रोज हाताखालून जातात. या गाड्यांचा मीटरचा नट नुसत्या बोटांनी आवळलेला असला तरी वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. तुमचा हलतोय म्हणजे त्याला कुणीतरी हलवतंय. एक तर केबल खालून ताणली जातेय, किंवा आतली तार वर ढकलतेय, किंवा तार कोरडी पडल्यामुळे केबल आतल्या आत थरथरतेय. चौथी शक्यता म्हणजे आटेच गेलेत. पण आटे सहसा आपणहून जात नाहीत. आधीच्या तीनपैकी काहीतरी होतं, माणूस पक्कड काढतो, आणि मग आटे जातात.

दोन केबली बदलूनही दुखणं तसंच आहे, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत कामाची गोष्ट. याचा अर्थ दोष त्या दोन्ही केबलींना लागू पडणारा आहे. नक्की कुठला, हे गाडी न बघता छातीठोक सांगता येणार नाही. हे कधीपासून सुरू झालं तेही तुम्ही लिहिलेलं नाही. जरा आठवून बघा. त्याआधी पुढच्या चाकाचं पंक्चर काढलं होतं का? मडगार्ड, हेडलाइट किंवा हँडल उघडलं होतं का? दहातल्या सात गाड्यांत या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येतं.

आधी काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. चाक फिरलं की हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातल्या खाचा ब्रेक प्लेटमधल्या मीटर गिअरच्या दोन कानांना फिरवतात. गिअर पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, पिनियन केबलच्या आतल्या तारेला, आणि तार वर मीटरमधल्या लोहचुंबकाला. चुंबकाला लागून ॲल्युमिनियमची एक वाटी असते, पण दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचत असते. काटा असतो त्या वाटीच्या दांड्यावर. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि तुमच्या वडिलांच्या गाडीतही तीच युक्ती आहे. किलोमीटरचे आकडे मात्र वाटीवर नाहीत, ते चुंबकाच्या दांड्यावरून दातेरी चाकांनी थेट फिरतात.

म्हणून पहिली तपासणी बसल्या जागी होते. काटा मेलाय पण किलोमीटर पडताहेत, तर दोष मीटरच्या आत. दोन्ही बंद, तर केबल किंवा खालचा गिअर. काटा नाचतोय आणि किलोमीटर बरोबर पडताहेत, तर तार फिरतेय पण अडखळत फिरतेय. तुमच्याकडे आधी काटा नाचतो आणि मग केबल सुटते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता केबलची वाट. मी सुरुवात इथूनच करतो, कारण यात पैसा लागत नाही आणि गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच सापडतो.

चार वर्षांपूर्वी एक दूधवाले काका यायचे. तक्रार अगदी तुमचीच. दर पंधरवड्याला नट सुटायचा, आणि मी, सांगायला लाज वाटते, दर वेळी आवळून द्यायचो. पाचव्यांदा आले तेव्हा मात्र गाडी डबल स्टँडला लावली, मागच्या कॅरिअरवर पोरगं बसवलं आणि पुढचं चाक अधांतरी केलं. काकांना म्हटलं, हँडल सावकाश दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. मी नटाजवळ बोट धरून बसलो. एका बाजूला हँडल टेकायला दोन बोटं राहिली असताना केबल तारेसारखी ताठ झाली आणि नट बोटाखाली चक्क कलला. केबल अॅक्सिलेटरच्या केबलीबरोबर प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेली होती आणि मडगार्डजवळची तारेची कडी, जिच्यातून ती गेली पाहिजे, ती कडीच नव्हती. गाडीवर मागे दुधाचे दोन मोठे कॅन. मागे वजन आलं की पुढचे शॉकअप उचलले जातात, चाक हँडलपासून लांब जातं आणि केबल अजून ताणली जाते. म्हणजे प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात काकांची गाडी स्वतःच स्वतःचा नट उपटत होती. पट्टी कापली, कडी बसवली, केबल मोकळी सोडली, नट बोटांनी आवळला. त्यानंतर काका त्या कामासाठी परत आले नाहीत. त्या गाडीचं मडगार्ड वर्षभरापूर्वी बदललं होतं, माझ्याच दुकानात, आणि कडी आमच्याच पोराने विसरली होती.

तुम्हीही हेच करा. एकट्याने होणार नाही, घरातलं कुणीतरी मदतीला घ्या. चाक अधांतरी, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि डोळे केबलवर. कुठेच ताण यायला नको. मग गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबा आणि हँडलवर वजन टाकून शॉकअप दाबा. आता केबलला बाक येईल, तो चाकाकडे न जाता बाहेरच्या बाजूला मोकळा यायला हवा. केबल कुठेही बोटभर जागेत मुरडलेली नको. कड्यांमधून ती सरकली पाहिजे, घट्ट बांधलेली नको. केबल नीटनेटकी दिसावी म्हणून पट्ट्या मारायची हौस असते एकेकाला, ती इथे नडते.

दुसरी गोष्ट तारेची लांबी. याकडे फार कमी लोक बघतात. बाजारात स्प्लेंडरची म्हणून मिळणारी प्रत्येक केबल सारखी नसते. बाहेरची नळी बरोबर असते, पण आतली तार दोन-तीन मिलिमीटर जास्त निघालेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. तार लांब असली की ती मीटरच्या दांड्याला खालून टेकून राहते. चुंबक वर रेटला जातो, काटा उड्या मारतो आणि त्या रेट्याने नट रोज थोडा थोडा मागे येतो. आधी काटा नाचणार, मग नट सुटणार. बरोबर तुमचाच क्रम. म्हणून वाटेत काही सापडलं नाही, तर माझा दुसरा संशय यावर.

ओळखायचं असं. केबलचं खालचं टोक पूर्ण बसवून ठेवा. वरचं टोक मीटरच्या भोकात बोटांनी सरळ धरा आणि तार आत बसली की नळी वर ढकला. नळीचं तोंड मीटरच्या बुडाला आरामात टेकलं पाहिजे. स्प्रिंग दाबल्यासारखं मागे ढकलत असेल किंवा नटाचे जेमतेम दोन आटे पकडत असतील, तर तार लांब आहे. आधी तार थोडी फिरवून बघा, कधी कधी चौकोनी टोक खोबणीत न बसता नुसतं वर टेकलेलं असतं. फिरवूनही तेच असेल तर केबल बदला. टोक घासून आखूड करायच्या भानगडीत पडू नका. ही तार म्हणजे एकावर एक उलटसुलट पीळ दिलेल्या बारीक तारांचे थर असतात. टोक कापलं की पीळ उकलतो आणि महिन्याभरात तुटते. उलट तार आखूड असली तर नट पक्का राहतो पण खड्डा आला की काटा पडतो, कारण टोक खोबणीतून निसटतं.

नवी केबल घ्यायला जाताना जुनी सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून मापा. नळी नळीशी, तार तारेशी, दोन्ही टोकांचे आकारही. वडिलांनी मूळची केबल कुठे माळ्यावर टाकून ठेवली असेल तर ती शोधा, मापायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

तिसरं, कोरडेपणा. स्प्लेंडरचं पुढचं चाक १८ इंची, टायर २.७५ चा. ताशी ६० ला ते मिनिटाला साधारण ५३० फेरे घेतं. तार कोरडी किंवा गंजलेली असेल तर ती एकसारखी फिरत नाही. खालून पीळ भरत जातो, वर अडकते, मग एकदम सुटते, पुन्हा अडकते. काटा त्याच तालावर नाचतो आणि त्या धक्क्यांनी नळी व नट कुरकुरत राहतात. तार बाहेर निघत असेल तर काढून रॉकेलने धुवा, पुसा आणि दोन्ही टोकं दोन हातांत धरून झोक्यासारखी लोंबू द्या. एक टोक बोटांत सावकाश फिरवा. दुसरं टोक त्याच गतीने फिरलं तर तार चांगली. मध्येच थबकून उडी मारत असेल तर ती कुठेतरी वाकलीय. ग्रीस लावून वाकलेली तार सरळ होत नाही, ती टाकून द्या. काही केबलींत तार बाहेर येत नाही. तिथे वरच्या तोंडाला कागदाची पुंगळी बांधून मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडायचं आणि केबल रात्रभर टांगून ठेवायची, खाली वाटी ठेवून. सकाळी वरचं टोक नीट पुसून मगच बसवा.

ग्रीस लावताना हात आखडता. फडक्यावर घेऊन तारेला नुसता हात फिरवायचा, आणि वरची वीतभर तार कोरडीच ठेवायची. तार पिळाची आहे, फिरताना ती ग्रीस स्क्रूसारखं वर चढवत नेते. ते मीटरमध्ये गेलं की वाटीला चिकटतं, काटा गाडी उभी असताना २० दाखवतो, आणि मग मीटर बदलायची पाळी खरोखरच येते. ‘चांगलं भरपूर लावून द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात.

आता आटे. मीटरच्या बुडाचे आटे बारीक आणि मऊ ओतीव धातूचे. जागा अशी की हेडलाइटचं घर सैल केल्याशिवाय बोटं नीट पोचत नाहीत. मग माणूस नट तिरका धरतो, पकडीने फिरवतो, आणि तो आट्यांवर आटे चढवत जातो. घट्ट वाटतो, पण बसलेला नसतो. तुमच्या नटाला एवढ्या वेळा पक्कड लागलीय की इथे थोडंफार नुकसान झालं असणार हे मी धरूनच चालतोय. हेडलाइट सोडवा, टॉर्च लावून बघा. नट बसवताना आधी उलटा फिरवा. फिरवता फिरवता बोटांना एक बारीकशी ‘टक’ जाणवेल, नट किंचित खाली पडल्यासारखा होईल. आट्याचं तोंड तिथे आहे. तिथून सुलटा फिरवा. तीन-चार फेरे लोण्यासारखा गेला पाहिजे. अडला तर थांबा, परत उलटा. शेवटी बोटांनी जेवढा आवळतो तेवढा पुरे.

आटे थोडे झिजले असतील तर नळाला लावतात त्या पांढऱ्या टेपचे दोन वेढे चालतात, मी स्वतः देतो. पण वाट आणि तार तपासून झाल्यावर, आधी नाही. फेविक्विक, एम-सील, बोल्ट पक्के करायचं लाल-निळं औषध यांतलं काही नको. ते औषध प्लॅस्टिकला लागलं तर तडा जातो, आणि पुढच्या वेळी केबल काढताना मीटरचं बूडच हातात येतं. आटे पूर्ण सपाट झाले असतील तरच मीटरचा खर्च. तेव्हाही आधी जुन्या पार्टांच्या दुकानात नुसतं खालचं बूड किंवा सुस्थितीतलं जुनं मीटर मिळतंय का बघा.

खालच्या टोकाकडेही नजर टाका. स्प्लेंडरला खाली नट नसतो. केबल ब्रेक प्लेटच्या भोकात बसते आणि आडवा एक छोटा स्क्रू तिला धरून ठेवतो. हा स्क्रू हरवला की लोक हाताला लागेल तो लावतात. लांब स्क्रू आत जाऊन तारेला किंवा पिनियनला घासतो, आखूड स्क्रू धरतच नाही. केबल पूर्ण आत गेली की मगच स्क्रू लावायचा. आत जात नसेल तर चाक हाताने हळू फिरवत केबल दाबा, पिनियनचं टोक आणि तारेचं टोक जुळलं की ती आपोआप आत बसते. स्क्रू आवळून केबल आत ओढून घेऊ नका, ॲल्युमिनियमची प्लेट तडकते. केबल बाजूला काढून दोन-चार दिवस गाडी चालवायची असेल तर ते भोक टेपने बंद करा, नाहीतर पाणी आणि माती थेट ब्रेकमध्ये. आणि लोंबती केबल घेऊन तर गाडी चालवूच नका. खालचं टोक सुटून ती चाकाच्या तारांत गेली तर काय होईल ते सांगायला नको.

पंक्चर काढल्यानंतर हे दुखणं सुरू झालं असेल तर चाक पुन्हा उतरवा. मीटर गिअरचे कान हबच्या खाचांत न बसवता ॲक्सल आवळला की कान चेपतात किंवा तुटतात. गिअर कधी फिरतो, कधी नाही. चाक बसवताना ते हाताने फिरवून केबलची तार फिरतेय का बघायचं आणि मगच ॲक्सल आवळायचा. त्याच वेळी ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या नळीवरच्या टेकणात बसलीय ना, हेही बघा. ती बसली नसेल तर ब्रेक मारल्यावर प्लेटच चाकाबरोबर फिरू पाहते. मीटर बंद पडलं तर माणूस घरी पोचतो, हे बिघडलं तर नाही. गिअरला ग्रीस हरभऱ्याएवढं, जास्त झालं तर ते ब्रेक लायनरवर जाणार.

मीटरचीही एक परीक्षा घ्या. केबलच्या वरच्या टोकाची तार काडीसारखी मीटरच्या खोबणीत घालून चिमटीत भराभर फिरवा. काटा जरासा उचलला पाहिजे, आणि फिरवताना कुठे जड लागायला नको. जड लागत असेल, किंवा थंडीच्या सकाळी गाडी चालवताना मीटरमधून किर्र आवाज येत असेल, तर मीटरचा दांडा कोरडा पडलाय. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दांड्याच्या मुळाशी, दुसरा नाही. मीटर जड असेल तर कितीही नव्या केबली घाला, त्या पिळून तुटत राहणार.

दुसऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं असतं. जुन्या बुलेटला कंपन जास्त, तिथे नटाखाली रबरी वॉशर आहे का ते आधी बघा. डिस्क ब्रेकच्या गाड्यांना गिअरची डबी ॲक्सलवर वेगळी असते, ती चुकीच्या कोनात बसली की केबल मुरडते. पण ताण, लांबी आणि कोरडेपणा हे तिन्ही सगळीकडे सारखेच.

तुमच्या गाडीला मी हात घातला असता तर रविवारी सकाळी दोन तासांचं काम धरलं असतं. पहिला अर्धा तास चाक अधांतरी ठेवून वाट. मग केबल काढून तार मापणं आणि फिरवून बघणं. मग हेडलाइट सोडवून आटे. खालचा स्क्रू. केबल लागली तर बदलायची. पकडीला त्या दिवशी सुट्टी.

झालं की महामार्गावर एक फेरी मारा. किलोमीटरच्या दगडापाशी आकडा लिहून घ्या आणि दहा दगड मोजा. मीटरवर १० च्या आसपास पडले आणि काटा ४०-५० ला स्थिर राहिला, तर नूतनीकरणाच्या तपासणीला बिनधास्त जा. जाण्याआधी दोन-तीनशे किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा बोटांनी तपासा. तेव्हाही अर्धा फेरा फिरला, तर वाटेत काहीतरी राहिलंय. हँडल पुन्हा वळवून बघा, या वेळी मागे कुणाला तरी बसवून. आणि हो, एवढे दिवस मीटर बंद होतं म्हणजे ऑइल कधी बदललं याचा हिशेब चुकलेला असणार, ते काम त्याच रविवारी उरकून टाका.